दीड किलो मिठाचा हिशेब

आपल्या दोन मूत्रपिंडांतून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्या द्रवात जवळजवळ दीड किलो मीठ विरघळलेलं असतं. आपण खातो दिवसाला जेमतेम आठ-दहा ग्रॅम, आणि साधारण तेवढंच लघवी-घामावाटे टाकून देतो. म्हणजे मूत्रपिंडं रोज दीड किलो मीठ बाहेर काढतात आणि त्यातलं जवळपास सगळं पुन्हा रक्तात ओढून घेतात. या वसुलीचा मोठा भाग आपसूक होतो. शेवटचे दोन-तीन टक्के तेवढे एका हार्मोनच्या हुकमावर चालतात. दीड किलोचे दोन टक्के म्हणजे तीस ग्रॅम, दिवसभरात पोटात जाणाऱ्या मिठाच्या तिप्पट. इतक्या मिठावर ज्याची सत्ता आहे त्याचं नाव अल्डोस्टेरॉन, आणि ते तयार होतं मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथींमध्ये. एकेका ग्रंथीचं वजन चार-पाच ग्रॅम. त्यातही अल्डोस्टेरॉन बनवणारा थर अगदी वरचा, सालीसारखा पातळ.

ज्याला आपण नुसतं ‘बीपी आहे’ म्हणतो, त्या लाखो माणसांपैकी काहींचा सगळा आजार या पातळ थरात दडलेला असतो. ‘आईला होतं, आजोबांना होतं, आता मला,’ असं हे रुग्ण सांगतात. सकाळी एक गोळी, मग दोन, मग तीन. बहुतेकांच्या बाबतीत खरोखरच एक असं कारण सापडत नाही. पण रक्तदाब वाढलेल्या दर शंभरांत पाच ते दहा जणांमध्ये अल्डोस्टेरॉन गरजेपेक्षा जास्त झरत असतं. तीन-तीन औषधांना दाद न देणाऱ्यांमध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात जातं. या आजाराला प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. तो रक्ताच्या तपासणीत सापडतो, त्यावर नेमकं औषध आहे आणि काही जणांच्या बाबतीत तो शस्त्रक्रियेने मुळासकट जातो. तरीही ही तपासणी झालेले रुग्ण अगदी थोडे आहेत, आणि ही गोष्ट मला फार लागते.

अल्डोस्टेरॉन स्वतःहून कामाला लागत नाही. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं, मूत्रपिंडात येणाऱ्या रक्ताचा जोर घटला, की तिथल्या पेशी रेनिन नावाचं द्रव्य सोडतात. ते १८९८ साली स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरस्टेड आणि पेर बर्गमन यांनी शोधलं. सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क त्यांनी दुसऱ्या सशाच्या शिरेत टोचला आणि त्याचा रक्तदाब चढला. रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन बनतं, अँजिओटेन्सिन ॲड्रिनलला जागं करतं, अल्डोस्टेरॉन सुटतं, मीठ राखलं जातं, मिठामागून पाणी येतं. रक्ताचं आकारमान सावरलं की रेनिन पुन्हा शांत. आपल्या पूर्वजांच्या ताटात मीठ दुर्मीळ होतं, त्या काळी हीच साखळी जीव वाचवत होती.

त्या काळाची झलक आजच्या माणसांतही दिसते. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक स्वयंपाकात मीठ वापरत नाहीत. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या लघवीतलं सोडियम जवळजवळ नगण्य निघालं, आणि रेनिन व अल्डोस्टेरॉन मात्र आपल्या मानाने खूपच चढलेलं. रक्तदाब? १००/६० च्या आसपास, आणि वय वाढलं तरी तिथेच. एवढं अल्डोस्टेरॉन असूनही त्यांचं काही बिघडत नाही, कारण धरून ठेवायला मीठच नाही. हा हार्मोन घातक ठरतो तो मीठ मुबलक असतानाही तो थांबत नाही तेव्हा.

तो थांबत नाही असं घडू शकतं, हे पहिल्यांदा नीट ओळखणारा माणूस घामाचा अभ्यास करत होता. जेरोम कॉन हे अमेरिकेत ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या दमट उष्णतेत लढणाऱ्या सैनिकांचं शरीर त्या हवेला कसं सरावतं, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांना दिसलं, की काही दिवसांत घाम तितकाच येत राहतो, पण त्यातलं मीठ झपाट्याने कमी होतं. घामाच्या ग्रंथींना कुणीतरी मीठ राखायला सांगतंय आणि तो निरोप ॲड्रिनलमधून येत असावा, असा त्यांचा कयास होता. तो निरोप्या कोण, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. १९५३ मध्ये लंडनच्या सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी बाझलच्या ताडेउश राइशस्टाइन यांच्या गटाबरोबर हे द्रव्य शुद्ध रूपात वेगळं केलं. तेच अल्डोस्टेरॉन.

पुढच्याच वर्षी कॉन यांच्यापुढे ३४ वर्षांची एक स्त्री आली. सात वर्षं तिचे हाल चालले होते. हातांना पेटके यायचे, अधूनमधून पाय असे गळून जायचे की उभं राहता येत नसे. रक्तदाब वाढलेला आणि रक्तातलं पोटॅशियम फार खाली. कॉन यांनी तिला आपल्या चयापचय विभागात ठेवलं आणि २२७ दिवस तिचा अभ्यास केला. तिथे पोटात जाणारा घास न् घास मोजला जाई आणि बाहेर पडणारा थेंब न् थेंब तपासला जाई. घामात मीठ नाही म्हणण्याइतकं कमी निघालं. लाळेतही तेच. सैनिकांमध्ये उन्हामुळे जे घडत होतं, ते या बाईत कुठलंही ऊन नसताना, वर्षानुवर्षं चाललं होतं.

पेटके आणि लुळेपणा याच हिशेबात बसतात. मूत्रपिंडाच्या शेवटच्या नळ्यांमध्ये अल्डोस्टेरॉन सोडियम आत घेतं तेव्हा बदल्यात पोटॅशियम बाहेर जातं. सोडियम सतत आत येत राहिलं तर पोटॅशियम सतत गळत राहतं, आणि पोटॅशियम घटलं की स्नायूंचं आकुंचन-प्रसरण ढासळतं. वाढलेला रक्तदाब आणि लुळे पाय ही एकाच व्यवहाराची दोन टोकं होती.

कॉन यांनी हे सगळं १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या एका वैद्यकीय परिषदेत अध्यक्षीय भाषणात मांडलं. त्या वेळी पेशंटचं ऑपरेशन व्हायचं होतं. स्कॅन नावाची गोष्ट अस्तित्वात नव्हती. आत गाठ आहे की दोन्ही ग्रंथी सुजल्या आहेत, हे पोट उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. गरज पडली तर दोन्ही ॲड्रिनल काढायची तयारी होती. डिसेंबरमध्ये सर्जन विल्यम बॉम यांनी ऑपरेशन केलं आणि उजव्या ग्रंथीत चार सेंटिमीटरची गाठ सापडली. ती काढल्यावर बाईचे सगळे बिघाड जवळजवळ पूर्ण मागे फिरले. निव्वळ घाम, लाळ आणि लघवीच्या आकड्यांवरून, न दिसणाऱ्या ग्रंथीत काय चाललंय ते आधी जाहीर करायचं आणि नंतर ते तसंच निघायचं! वैद्यकशास्त्रात इतकं निर्भय अनुमान मी क्वचितच वाचलं आहे.

पुढची कथा मात्र रखडली. रक्तदाबाच्या रुग्णांपैकी वीस टक्क्यांपर्यंत लोकांना हा आजार असू शकतो, असं कॉन साठच्या दशकात म्हणू लागले. फार थोड्यांनी ते मानलं. डॉक्टरांच्या मनात कॉन यांची ती पहिली पेशंट पक्की बसली होती. पोटॅशियम घसरलेलं असेल तरच हा आजार, हे समीकरण होऊन बसलं. वास्तविक या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांचं पोटॅशियम रिपोर्टमध्ये नॉर्मल येतं. दुसरीकडे, पोटॅशियमसाठी रक्त घेताना मूठ जोरात आवळली, उघड-झाक केली, तरी स्नायूंतून पोटॅशियम सुटून आकडा वर जातो आणि खरोखर कमी असलेलंही ठीक दिसतं.

मार्ग निघाला तो १९८१ साली. हिरामात्सु आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी अल्डोस्टेरॉनचा आकडा एकटा न पाहता त्याला रेनिनने भागलं. सोसायटीत गच्चीवरची टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पंप बंद पडतो. टाकी काठोकाठ, फ्लोट वर, आणि खाली पंप धडधडतोच आहे असं दिसलं तर बिघाड पंपात आहे हे वॉचमनही सांगेल. रेनिन तळाला गेलेलं असणं म्हणजे मूत्रपिंड सांगतंय, मीठ-पाणी पुरे झालं. तरीही अल्डोस्टेरॉन वाहत असेल तर ॲड्रिनल कुणाचंच ऐकत नाही. म्हणून नुसत्या अल्डोस्टेरॉनचा आकडा ‘नॉर्मल’च्या चौकटीत असूनही आजार असू शकतो. रेनिन शून्याजवळ असताना ‘नॉर्मल’ अल्डोस्टेरॉन असणं हेच मुळात नॉर्मल नाही.

खाजगी लॅबमध्ये ही तपासणी काही हजार रुपयांत होते. पण ती हळवी आहे. नमुना सकाळी, उठून दोनेक तास वावरल्यावर आणि मग थोडा वेळ बसून द्यायचा असतो. रक्ताची नळी बर्फात ठेवायची नाही. एरवी बर्फ म्हणजे काळजी घेतल्याची खूण, इथे मात्र थंडाव्यात रक्तातलं निष्क्रिय प्रोरेनिन रेनिनमध्ये बदलतं आणि रेनिनचा आकडा खोटा वाढतो. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या रेनिन दाबतात, त्यामुळे नसलेला आजार दिसतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या रेनिन वाढवतात, त्यामुळे असलेला आजार लपतो. स्पायरोनोलॅक्टोन तर सगळ्यात जास्त घोळ घालतं. पोटॅशियम कमी असेल तर आधी ते भरून काढावं लागतं, कारण पोटॅशियम घटलं की अल्डोस्टेरॉनही नरमतं. यातली कुठलीही गोळी पेशंटने आपल्या मनाने बंद करायची नाही. आता बरेच तज्ज्ञ पहिली तपासणी चालू औषधांवरच करून घेतात आणि गोळ्यांचा परिणाम ध्यानात ठेवून रिपोर्ट वाचतात.

संशय पक्का करायची एक रीत मला विशेष आवडते. पेशंटच्या शिरेतून चार तासांत दोन लिटर सलाइन सोडतात. निरोगी माणसात एवढं मीठ-पाणी आत गेल्यावर अल्डोस्टेरॉन गप्प होतं. ते गप्प झालं नाही, तर निदान झालं. मिठाच्या आजाराची परीक्षा मिठानेच.

मग प्रश्न येतो, दोषी ग्रंथी डावी की उजवी, की दोन्ही. सीटी स्कॅन काढून गाठ दिसेल तिकडची ग्रंथी काढायची, हे सरळ वाटतं. पण चाळिशीनंतर ॲड्रिनलमध्ये निरुपद्रवी गाठी सहज आढळतात, आणि खरा उपद्व्याप करणारी गाठ काही मिलिमीटरचीही असू शकते. ९५० रुग्णांच्या एका एकत्रित आढाव्यात सुमारे ३८ टक्के वेळा स्कॅनचा कौल आणि ग्रंथींमधून प्रत्यक्ष घेतलेल्या रक्ताचा कौल जुळला नाही. म्हणून अगदी तरुण आणि चित्र स्पष्ट असलेले थोडे पेशंट सोडले, तर ऑपरेशनआधी ॲड्रिनलच्या शिरांतून रक्त घ्यावं लागतं.

हे काम कॅथलॅबमध्ये चालतं. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी वर सरकवत नेतात. डाव्या ॲड्रिनलची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेत उतरते, ती सहसा सापडते. उजवीची शीर मात्र आखूड असते आणि शरीरातल्या सर्वांत मोठ्या शिरेला मागच्या बाजूने थेट मिळते. ते तोंड शोधताना निष्णात हातांचीही कसोटी लागते. नळी योग्य जागी होती याचा पुरावा रक्तच देतं. हीच ग्रंथी कॉर्टिसॉलही बनवते. त्यामुळे नमुन्यातलं कॉर्टिसॉल हाताच्या शिरेतल्या कॉर्टिसॉलपेक्षा कित्येक पट निघालं तरच तो नमुना खरा. मग दोन्ही बाजूंच्या अल्डोस्टेरॉनला त्या-त्या बाजूच्या कॉर्टिसॉलने भागतात. एक बाजू दुसरीच्या चौपट वा त्याहून भारी पडली, की गुन्हेगार सापडला. अशा वेळी दुसरी, निरोगी ग्रंथी बहुधा मुकी झालेली असते. रेनिन नाही, हुकूम नाही, म्हणून ती आपलं काम निमूट थांबवून बसलेली असते.

गाठ का वेडी होते, याचं उत्तर २०११ मध्ये येल विद्यापीठातल्या रिचर्ड लिफ्टन यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. ॲड्रिनलच्या पेशीच्या भिंतीत पोटॅशियमसाठी एक वाहिनी असते. पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा मोठा. तरी ही वाहिनी मोठ्याला सोडते आणि लहानाला अडवते. प्रथिनाच्या एका अरुंद पट्ट्यातल्या अणूंची मांडणी ही निवड करते. लिफ्टन यांना अनेक गाठींमध्ये नेमका हाच पट्टा बिघडलेला दिसला. जनुकातलं एकच अक्षर बदललेलं. मग सोडियम आत शिरतं, पेशीचा विद्युतभार ढळतो, कॅल्शियमची दारं उघडतात आणि पेशी हुकूम आला समजून अल्डोस्टेरॉन बनवत सुटते. सुमारे तीन अब्ज अक्षरांतलं एक, तेही फक्त त्या गाठीच्या पेशींत. आणि त्यापायी कुणाच्या तरी घरी पस्तिसाव्या वर्षी पक्षाघात.

पक्षाघाताचा उल्लेख भीती घालायला केलेला नाही. २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात या आजाराच्या रुग्णांची तुलना रक्तदाबाच्या इतर रुग्णांशी केली, तेव्हा पक्षाघाताची शक्यता सुमारे अडीच पट आणि हृदयाची लय बिघडण्याची शक्यता साडेतीन पट निघाली. जास्तीचं अल्डोस्टेरॉन हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींना थेटही इजा करतं. म्हणून गोळ्या वाढवून नुसता बीपीचा आकडा खाली आणला की भागलं, असं इथे म्हणता येत नाही.

एका बाजूचा दोष असेल तर ती ग्रंथी दुर्बिणीतून काढतात. उरलेली ग्रंथी आयुष्यभर पुरते. २०१७ मध्ये जगभरातल्या बारा केंद्रांच्या ७०५ रुग्णांचा हिशेब मांडला गेला. ९४ टक्के रुग्णांत हार्मोनचा दोष पूर्ण गेला. रक्तदाबाची गोळी पूर्ण सुटली अशांचं प्रमाण ३७ टक्के, आणखी ४७ टक्क्यांचा रक्तदाब किंवा गोळ्या कमी झाल्या. ९४ आणि ३७ या दोन आकड्यांमधली तफावत उशिराची किंमतही सांगते: वर्षानुवर्षं दाब सोसून रक्तवाहिन्या कडक झाल्या की गाठ काढूनही त्या पुरत्या सैलावत नाहीत. वयाने लहान असलेल्यांना जास्त यश मिळतं.

दोन्ही ग्रंथींचा दोष असेल तर औषध. स्पायरोनोलॅक्टोन हे जुनं आणि स्वस्त औषध अल्डोस्टेरॉनची पेशीतली जागा अडवतं. पुरुषांत छाती दुखरी होणं, स्त्रियांत पाळी अनियमित होणं असे त्रास त्याने होऊ शकतात. तसं झालं तर एप्लेरेनोन आहे. पोटॅशियम आता उलट वर जाऊ शकतं, त्यामुळे रक्त तपासत राहावं लागतं. आणि डोस पुरेसा आहे का, हे बीपीच्या मशीनबरोबर रेनिनही सांगतं. दबून बसलेलं रेनिन पुन्हा वर आलं, की समजायचं, अल्डोस्टेरॉनची पकड सुटली.

आपल्या घरातली एक वस्तू या सगळ्याची हुबेहूब नक्कल करते: ज्येष्ठमध. कोरडा खोकला, बसलेला घसा, काढा. गाणारी मंडळी तर तुकडा तोंडात धरूनच असतात. अल्डोस्टेरॉन पेशीत ज्या जागी बसतं, तिथे कॉर्टिसॉलही तितकंच घट्ट बसू शकतं, आणि कॉर्टिसॉल रक्तात शेकडो पटींनी जास्त असतं. तरी ते तिथे बसत नाही, कारण मूत्रपिंडाच्या पेशींत एक एन्झाइम त्याला तिथल्या तिथे निष्प्रभ करत असतं. ज्येष्ठमधातलं द्रव्य नेमकं त्या एन्झाइमलाच रोखतं. मग कॉर्टिसॉल मोकळं सुटतं, मीठ साठतं, पोटॅशियम गळतं, बीपी चढतं. आणि रिपोर्टमध्ये रेनिनही कमी, अल्डोस्टेरॉनही कमी! १९४६ साली हॉलंडमध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी जठराच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तेव्हा काही पेशंटना सूज आली. धागा तिथून सापडला. चार दिवस खोकल्याला चघळल्याने बिघडत नाही. महिनोन् महिने रोज घेणाऱ्यांनी मात्र ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

ॲड्रिनलच्या गाभ्यातून उठणारा, रक्तदाब चढवणारा आणखी एक आजार दुर्मीळ, पण नाट्यमय. फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं रक्तात ओतते: अचानक डोकं ठणकतं, घामाच्या धारा लागतात, छाती धडधडते. रक्तातली किंवा चोवीस तासांच्या लघवीतली मेटानेफ्रिन्स मोजून ती पकडतात. ऑपरेशनआधी अल्फा ब्लॉकर आणि नंतरच बीटा ब्लॉकर, हा क्रम पाळावाच लागतो. उलटा झाला तर दाब भयानक उसळू शकतो. १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला अशा आजाराने दगावलेल्या अठरा वर्षांच्या मुलीचं वर्णन छापलं गेलं. १२० वर्षांनी तिच्या नातलगांच्या वंशजांचा माग काढला, तेव्हा त्यांच्यात आरईटी जनुकातला दोष सापडला. तिचा आजार आनुवंशिक होता, हे चार-पाच पिढ्यांनंतर कळलं. कॉर्टिसॉल अति वाढवणारा कुशिंगचा आजार, थायरॉइडचे चढउतार, हेही रक्तदाब हलवतात.

तपासणी कुणाची करायची, याबद्दलचं मत आता बदलतंय. आतापर्यंत तिशीत बीपी लागलेले, तीन गोळ्यांनी न हटणारे, पोटॅशियम कमी असलेले, घरात कुणाला लहान वयात पक्षाघात झालेला आहे असे, एवढेच निवडक रुग्ण तपासत. २०२४ मध्ये युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने रक्तदाबाचं निदान झालेल्या सर्वच प्रौढांची रेनिन-अल्डोस्टेरॉन तपासणी करण्याकडे कौल दिला. माझं मत याच बाजूचं आहे. जी गोळी आयुष्यभर घ्यायची, तिच्यामागचं कारण एकदा तरी विचारलं जावं. निवडक रुग्णांच्या यादीत आपण बसत असाल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे हा विषय जरूर काढा.

उपचारही पुढे सरकतोय. गाठीला चिकटणारं किरणोत्सारी मेटोमिडेट टोचून पेट स्कॅनवर दोषी बाजू पाहायची, शिरांमध्ये नळ्या घालायची गरज ठेवायची नाही, ही पद्धत ब्रिटनमध्ये तपासली गेली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि ती शिरांतून रक्त घेण्याच्या तोडीची दिसली. तिथल्याच डॉक्टरांनी २०२५ मध्ये २८ रुग्णांचा अनुभव छापला: तोंडावाटे एंडोस्कोप जठरात उतरवायचा, जठराच्या भिंतीतून सुई पलीकडे न्यायची आणि गाठ तेवढी उष्णतेने जाळायची, उरलेली ग्रंथी शाबूत. हे फक्त डाव्या बाजूला जमतं, कारण डावी ॲड्रिनल जठराच्या मागे आहे. उजवी यकृताआड असते, आणि त्या बाजूच्या गाठीसाठी शस्त्रक्रियाच करावी लागते.